बाबांना ‘लाईट’ का देत नाहीत?

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीच्या एका मुलाचा आहे. थोडक्यात असा: “बाबांचं वय ६१. नऊ आठवड्यांपूर्वी उजवी किडनी काढली. रिपोर्टमध्ये क्लिअर सेल कार्सिनोमा, ग्रेड ३, पीटी ३ ए, गाठ नऊ सेंटिमीटरची, किडनीच्या शिरेत शिरलेली, कडा मोकळ्या, लिंफ नोड साफ, असं लिहिलंय. सर्जन म्हणाले लाईटची गरज नाही, मेडिकल ऑन्कोलॉजिस्टना भेटा. पण शेजारच्या काकींना स्तनाच्या ऑपरेशननंतर २५ दिवस लाईट दिले, आणि त्या आज ठणठणीत आहेत. त्यांची स्टेज तर बाबांपेक्षा कमी होती. मग बाबांना का नाही? काही टाळाटाळ चाललीय का? मुंबईला न्यावं का?”

सर्जननी बरोबर सांगितलंय. बाबांना आत्ता लाईट, म्हणजे कॅन्सरवरचं रेडिएशन, द्यायचे नाहीत. घाई मात्र दुसऱ्याच एका गोष्टीची करायची आहे आणि तिला फार दिवस उरलेले नाहीत. तिच्याकडे येतेच.

लाईट देणं हे माझं वीसेक वर्षांचं रोजचं काम. तेव्हा ‘देऊ नका’ म्हणताना मी माझ्याच पोटावर पाय देतेय असं समजा, म्हणजे विश्वास ठेवायला सोपं जाईल. आमच्याकडे याला कोणी लाईट म्हणतं, कोणी शेक, कोणी करंट. यात ना उजेड दिसतो, ना ऊब लागते. टेबलावर दहा मिनिटं पडून राहायचं आणि उठून घरी जायचं. म्हणूनच बहुधा लोकांना ते निरुपद्रवी वाटतं, ‘फायदा नाही झाला तरी नुकसान काय?’ असं. पोटात लाईट देताना नुकसान काय होतं ते मी पाहिलंय.

काकींची आणि बाबांची तुलना स्टेजवर करू नका. लाईट द्यायचे की नाही ते गाठ किती वाढली होती यावर फारसं ठरत नाही; ती परत आली तर कुठे येईल यावर ठरतं. स्तनाची गाठ काढली की बाकीचा स्तन, छातीची भिंत, काखेच्या गाठी तिथेच असतात, आणि आजार परत येण्याची ती नेहमीची जागा. तिथे लाईट दिले की परत येण्याचं प्रमाण खरोखर खाली येतं. शिवाय ती जागा वरवर आहे, किरण तिरके घालून आतले अवयव बरेचसे वाचवता येतात. किडनीच्या क्लिअर सेल कॅन्सरचं तसं नाही. किडनी तिच्याभोवतीच्या चरबीसकट नीट निघाली असेल तर त्या रिकाम्या जागी, आणि फक्त तिथेच, आजार परत येणं शंभरात थोड्याच जणांच्या वाट्याला येतं. परत आलाच तर तो बहुतेक वेळा फुफ्फुसात दिसतो, मग हाडांत, लिव्हरमध्ये, कधी मेंदूत. रक्तातून गेलेली पेशी फुफ्फुसात बसली असेल तर मी पोटावर कितीही लाईट दिले तरी तिला त्याचा पत्ताही लागणार नाही.

ही माझी एकटीची समजूत नव्हे. एके काळी जगभर देऊन पाहिलंय. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला शंभर रुग्ण घेतले, निम्म्यांना ऑपरेशननंतर ५५ ग्रे (ग्रे हे लाईटच्या डोसचं माप) दिले, १९७३ साली निकाल आले. पाच वर्षांनी लाईटवाल्यांत हयात असलेले नुसत्या ऑपरेशनवाल्यांपेक्षा जास्त नव्हते, उलट थोडे कमीच. डेन्मार्कमध्ये १९८७ च्या अभ्यासात २० दिवसांत ५० ग्रे दिले. लाईट घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना जठर, ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) किंवा लिव्हरचा मोठा त्रास झाला आणि १९ टक्क्यांच्या मृत्यूत त्या त्रासाचा हात होता. आजार काही कमी झाला नाही. पुढे या सगळ्या जुन्या चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या तेव्हा एवढं दिसलं की लाईटनं त्या जागी परत येणं कमी होतं, पण माणूस त्यामुळे जास्त जगत नाही.

तुम्ही म्हणाल, ती जुनी मशिनं, तेव्हा सीटी स्कॅनवर आखणी कुठे होत होती? रास्त शंका आहे. आजच्या मशिनवर तेवढी इजा होणार नाही हे मीही मान्य करते. पण तुमच्या बाबांचा प्लॅन मी स्क्रीनवर उघडला तर काय दिसेल ते सांगते.

किडनी काढल्यावर तिथे पोकळी राहत नाही, पोट जागा रिकामी ठेवत नाही. उजव्या बाजूला मोठ्या आतड्याचं वळण मागे घसरतं, ड्युओडेनम त्या दिशेला सरकतं, लहान आतड्याचे दोन-तीन वेढे येऊन बसतात आणि वरून लिव्हरची कड टेकते. मी माउस घेऊन तीन-तीन मिलिमीटरच्या एकेका कापावर रेघ मारत जाते. या रेघेच्या आत डोस, बाहेर वाचवायचं. स्तनात, गर्भाशयाच्या मुखात, घशात मला ठाऊक असतं की रेघ कशाभोवती मारायची. इथे मी मारणार ती आतड्याभोवती. गाठ होती तिथे आता आतडं आहे, आणि आतडं ४५-५० ग्रेच्या वर फारसं सोसत नाही. क्लिअर सेलच्या पेशी तर रोज दोन-दोन ग्रेच्या हप्त्यांना चिवट. रात्रीतून सावरतात आणि सकाळी परत हजर. म्हणजे त्यांना पुरेल एवढं द्यायला गेलं तर आतडं फाटेल, आणि आतड्याला झेपेल एवढंच दिलं तर पेशींना काही होणार नाही. वर डावी किडनी आता एकटीच राहिलीय. तिच्यावर पडणारा थोडासा डोसही मला हिशेबात धरावा लागतो.

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. शहर आणि इस्पितळ सांगत नाही. तिथे ‘मोठी गाठ होती ना, मग देऊन टाका’ अशी एक जुनी वहिवाट उरलेली होती. पन्नाशीचा एक माणूस, उजवीच किडनी काढलेली. आम्ही पाच आठवडे दिले. तो रोज वेळेवर यायचा, टेबलावर चढताना चपला नीट जोडीनं लावून ठेवायचा, हे मला अजून आठवतं. सात महिन्यांनी काळं शौच सुरू झालं. एंडोस्कोपीत ड्युओडेनममध्ये जखम, आजूबाजूचं अस्तर पांढुरकं, हात लावला की रक्त. रक्ताच्या बाटल्या चढल्या, दोनदा भरती झाला. पुढे फुफ्फुसात ठिपके दिसले ते वेगळंच. ते लाईटनं थांबणारही नव्हते. त्या प्लॅनवर माझीही सही होती. तेव्हापासून ‘देऊन टाकू’ हे शब्द कोणी उच्चारले की मी आधी सीटी मागते.

आता घाईची गोष्ट. सर्जननी मेडिकल ऑन्कोलॉजिस्टकडे पाठवलं ते काही हात झटकण्यासाठी नव्हे. बाबांसारख्या रुग्णासाठी, म्हणजे क्लिअर सेल, पीटी ३ (गाठ किडनीच्या शिरेत किंवा भोवतीच्या चरबीत शिरलेली), बाकी शरीरात आजार दिसत नाही अशांसाठी, ऑपरेशननंतर देण्याजोगं एक औषध आहे: पेम्ब्रोलिझुमॅब. ही नेहमीची केमो नव्हे, इम्युनोथेरपी. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून एकदा, १७ वेळा, साधारण वर्षभर. ९९४ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत चार वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी ९१ टक्के हयात होते आणि न घेतलेल्यांपैकी ८६. ऑपरेशननंतर आयुष्य खरंच वाढलं असं या कॅन्सरमध्ये दाखवणारं हे पहिलं औषध. तो निकाल २०२४ मध्ये छापून आला. त्याआधी सुनिटिनिबसारख्या गोळ्या वर्षभर देऊन पाहिल्या होत्या. लोकांचे तळपाय सोलले, ब्लडप्रेशर वाढलं, पण आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. याच घराण्यातली दुसरी काही इम्युनोथेरपीची औषधंही या जागी फेल गेली, त्यामुळे ‘कुठलीही इम्युनो’ चालेल असं समजू नका.

त्या चाचणीत रुग्णांना ऑपरेशननंतर १२ आठवड्यांच्या आत घेतलं होतं. तुमचे नऊ झाले. लाईट का नाही म्हणून तुम्ही तीन दारं हिंडाल तर उरलेले तीन आठवडे त्यातच जातील. भेटायचं ते याच आठवड्यात.

मात्र हे औषध प्रत्येकानं घ्यायलाच हवं असं मी म्हणणार नाही. त्याच चाचणीत औषध न घेतलेल्यांपैकीही निम्म्याहून जास्त लोकांचा आजार चार वर्षांत परत आला नव्हता. म्हणजे कितीतरी जण औषध नसतानाही बरे राहिले असते, आणि ते कोण हे आधी ओळखता येत नाही. आणि सुमारे पाचातल्या एकाला औषधामुळे गंभीर त्रास झाला: आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइडवर, लिव्हरवर, आतड्यावर, क्वचित अॅड्रिनल ग्रंथीवर उलटते. यातला थायरॉइडचा त्रास बहुधा कायमचा, गोळी आयुष्यभर. बाबांना संधिवात किंवा सोरायसिससारखा काही आजार असेल, वा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. बघू नंतर म्हणून गप्प बसलेले लोक मी पाहिलेत.

पैशाचंही बोलायला हवं. सगळे घरात बोलतात आणि डॉक्टरसमोर गप्प बसतात. हे औषध महाग आहे, लाखांत जातं. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. ऑपरेशनात त्यातले किती गेले ते कार्ड घेऊन काउंटरवर विचारून घ्या, मेडिक्लेमचंही विचारा, आणि तो आकडा खिशात ठेवूनच ऑन्कोलॉजिस्टसमोर बसा. चार फेऱ्यांनंतर पैसे संपले म्हणून थांबण्यापेक्षा आधी ठरवलेलं बरं. घर गहाण टाकून औषध घ्या असं मी कोणाला सांगत नाही. न घेता काटेकोर तपासणीवर राहणं हाही मान्य असलेला मार्ग आहे, त्याला हलगर्जीपणा म्हणत नाहीत.

मग किडनीच्या कॅन्सरवर लाईट चालतच नाहीत का? चालतात, आणि छान चालतात, फक्त जागा वेगळी.

पेडण्याकडचा एक पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, माझ्याकडे आला होता. सहा वर्षांपूर्वी डावी किडनी काढलेली, पहिली दोन वर्षं तपासण्या केल्या आणि मग ‘आता काय व्हायचंय’ म्हणून सोडून दिल्या. माडावरून उतरताना उजव्या मांडीत कळ यायला लागली. तीन महिने तेल चोळून घेतलं. एक्सरे काढला तर मांडीचं हाड उंदरानं कुरतडल्यासारखं, केव्हाही मोडेल असं. या कॅन्सरच्या हाडातल्या गाठी रक्तानं भरलेल्या असतात, चाकू लावला की धो-धो वाहतात. म्हणून आधी रक्तवाहिनीतून त्या गाठीचा रक्तपुरवठा बंद केला, दुसऱ्या दिवशी हाडात रॉड घातला. तीन आठवड्यांनी जखम भरल्यावर तो माझ्याकडे. इथे ऑपरेशननंतर लाईट द्यायचेच असतात, कारण गाठ पूर्ण निघालेली नसते आणि रॉड ठोकताना पेशी हाडाच्या नळीतून वर-खाली ढकलल्या जातात. म्हणून मी नुसत्या गाठीच्या जागी न देता रॉडच्या दोन्ही टोकांपर्यंत दिले, १० दिवसांत ३० ग्रे. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो माडावर चढण्याचा. मी नाही म्हटलं. फार हिरमुसला. आता त्याचा पुतण्या चढतो आणि हा शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नारळ घेऊन बसतो. मी दिसले की “बरें आसा” म्हणतो आणि दर मात्र कमी करत नाही.

हाड फक्त दुखत असेल, मोडण्याची भीती नसेल, तर कित्येकदा एकच दिवस, ८ ग्रे पुरतात. मेंदूतली गाठ काढली तर त्या जागी अचूक लाईट देतात. मणक्यात गाठ वाढून मज्जारज्जू दाबला जात असेल तर सर्जरी आणि मागोमाग लाईट, आणि तिथे प्रत्येक तास मोजायचा. बाबांना उद्या कधी पाठ अशी दुखली की रात्री आडवं झाल्यावर वाढते, पायात जोर वाटत नाही, बेंबीखाली बधिर लागतं, लघवी अडकते, तर ओपीडीच्या दिवसाची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) या. चालत आलेला माणूस उपचारानंतर चालत राहण्याची शक्यता खूप असते. पाय गेल्यावर आणलेला पुन्हा उभा करणं फार कठीण जातं.

दुसरी जागा अलीकडची. वर मी म्हटलं की या पेशी रोजच्या दोन ग्रेला चिवट असतात. पण एकाच वेळी मोठा घाव घातला तर त्या सावरत नाहीत. स्टिरिओटॅक्टिक म्हणतात ती पद्धत. ऑस्ट्रेलियात आखलेल्या एका चाचणीत ऑपरेशन न झेपणाऱ्या ७० रुग्णांच्या किडनीतच असे लाईट दिले: चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला एकदाच २६ ग्रे, मोठीला तीन वेळा मिळून ४२. वर्षभरानं एकाचीही गाठ त्या जागी वाढलेली नव्हती. हीच पद्धत फुफ्फुसात, हाडात एक-दोनच डाग आले असतील तर वापरता येते. पण त्याला नेम धरण्याजोगी गाठ दिसावी लागते. बाबांच्या पोटात आज काही दिसत नाही, आणि ही चांगलीच बातमी आहे.

ऑपरेशननंतर त्याच जागी लाईट द्यावेत का असा विचार मी अगदी क्वचित करते. सर्जनला गाठ पाठीच्या स्नायूला चिकटलेली सापडली, थोडी मागे राहिली आणि त्यांनी तिथे टायटॅनियमच्या बारीक क्लिप लावून ठेवल्या, असं असेल तर बसून बोलतो. तेव्हा रेघ कशाभोवती मारायची ते क्लिप सांगतात. तरीही त्यानं आयुष्य वाढेल असं मी त्या घरच्यांना सांगत नाही. बाबांच्या कडा मोकळ्या आहेत, तेव्हा तो विषय इथे संपला. आणि रिपोर्टवर ‘किडनी’ लिहिलं म्हणजे सगळं एक नव्हे. लहान मुलांचा विल्म्स ट्यूमर किडनीचाच असतो, पण लाईटला मेणासारखा विरघळतो, आणि त्याच्या तिसऱ्या स्टेजला ऑपरेशननंतर लाईट देणं हा ठरलेला उपचार आहे. किडनीच्या मुखाशी, जिथून लघवी खाली उतरते, तिथला कॅन्सर आणखी वेगळा, त्याला केमो लागते. कोणी तुम्हाला ‘आमच्या भाच्याला तर दिले होते’ म्हणालं तर भाचा किती वर्षांचा होता ते विचारा.

मुंबईचं विचारलंत. आपल्याकडे कॅन्सर म्हटलं की परळच्या टाटाला नेल्याशिवाय घराला चैन पडत नाही. काही जण तर आधी देवाला प्रसाद लावून विचारतात, न्यावं की नाही. देवानं उजवा दिला, म्हणजे हो म्हटलं, तरी काय घेऊन जायचं ते माझ्याकडून ऐका. माणसाला रात्रभर रेल्वेत बसवण्याआधी त्याच्या स्लाईड आणि पॅराफिनचे ब्लॉक (गाठीचे तुकडे जपलेले मेणाचे ठोकळे) पॅथॉलॉजीतून मागून घ्या. ते तुमच्या हक्काचे आहेत. सोबत सर्जनची ऑपरेशन नोट, आधीचे आणि नंतरचे सीटी सीडीवर, नुसते छापील कागद नकोत. स्लाईड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनं पाहून क्लिअर सेल आणि ग्रेड पक्का केला तर मला आनंदच आहे, कारण पुढचं सगळं त्या दोन शब्दांवर उभं आहे. पण औषधाची पहिली फेरी कुठे घ्यायची ते ठरवताना वर्षाच्या १७ फेऱ्या आणि मधले ताप-जुलाब डोळ्यांपुढे आणा. रात्री दोन वाजता जुलाब लागले तर डिचोलीहून बांबोळी गाठता येते, परळ नाही.

औषध घेतलं किंवा नाही, सीटी चुकवायची नाही. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी छाती आणि पोट, नंतर वर्षातून एकदा. हा कॅन्सर दहा-दहा वर्षांनी परत आलेला पाहिलाय, पाडेलीची सहा वर्षांनंतरची गोष्ट तर सांगितलीच. सीटीच्या आधी क्रिएटिनिन तपासून घ्या आणि एकच किडनी आहे हे रंग टोचणाऱ्या माणसाला स्वतःहून सांगा. कागदावर लिहिलेलं असतं, पण तो कागद वाचला जातोच असं नाही.

एक शेवटचं, जे तुम्ही विचारलेलं नाही. घरी गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या असतील तर त्या बाबांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. फार्मसीवाला ओळखीचा असतो, मागितल्या की देतो, आणि दोन किडन्या असताना त्या चालूनही जायच्या. आता दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि त्यानं भागलं नाही तर दुखतंय कुठे ते आधी मला किंवा सर्जनना दाखवा.